चार भिंतींची साक्ष

२००९ च्या ऑक्टोबर महिन्यात 'बीबीसी वन'वर लागोपाठ पाच रात्री एक कथा दाखवली गेली. एक नामांकित बॅरिस्टर, देखणा, मृदू बोलणारा, ज्याचे कोर्टात सगळे नाव काढतात असा. त्याची बायको ज्युलिएट, एक मुलगी, सुखवस्तू घर. पहिल्याच रात्री शयनगृहात ज्युलिएट नवऱ्याला सुरीने भोसकते. पुढे तो दगावतो आणि तिच्यावर खुनाचा खटला उभा राहतो. कोणी केले, हा प्रश्न उरतच नाही. पोलीस विचारतात, वकील विचारते, प्रेक्षकही विचारत राहतो: का? आणि ज्युलिएट गप्प असते.

मालिकेचे नाव 'क्रिमिनल जस्टिस', त्यातला हा दुसरा हंगाम. लेखक पीटर मोफॅट, पूर्वाश्रमीचे बॅरिस्टर. ज्युलिएट झाली होती मॅक्सीन पीक. नवऱ्याच्या भूमिकेसाठी मॅथ्यू मॅकफॅडियनला बाफ्टा मिळाला.

ज्युलिएटचे ते गप्प बसणे आधी मला पटकथेतली क्लृप्ती वाटले होते. पाच रात्रींची गोष्ट लांबवायची तर कोणीतरी तोंड मिटून बसायलाच हवे! शेवटाकडे येईपर्यंत उमगले की ती काही लपवत नव्हती. तिच्यापाशी शब्दच नव्हते. तिच्यावर जी पाळत होती तिला त्या घरात 'काळजी' म्हणत, आणि जी बळजबरी होती तिला 'संसार'. घरातल्या भाषेत तक्रारीला शब्दच ठेवलेला नसेल, तर बाई पोलिसांच्या भाषेत सांगणार तरी काय?

या पुस्तकाचे बीज तिथे पडले. ब्रिटिश दूरचित्रवाणीवर गुन्हेकथांचा सुकाळ आहे. आपल्याकडेही त्यांचा चाहता वर्ग मोठा आहे. त्या ढिगातून मी एकच धागा ओढून काढला आहे: लग्नाच्या आत झालेला आरोप. हा धागा ओढताना जाणवत गेले की या कथा वरवर खुनाच्या, बलात्काराच्या, विषप्रयोगाच्या असल्या तरी आतून त्या साक्षीच्या कथा आहेत. रस्त्यावरच्या गुन्ह्याला कोणी ना कोणी बघणारा असतो. घरातल्या गुन्ह्याला दोनच साक्षीदार. त्यांतला एक आरोपी आणि दुसरा मेलेला, घाबरलेला किंवा प्रेमात असलेला. शेजाऱ्यांनी आवाज ऐकलेला असतो, पण शब्द ऐकलेले नसतात. मुले झोपलेली असतात, निदान तसे सांगितले जाते. उरतात त्या चार भिंती, आणि भिंतींना कान असले तरी तोंड नसते.

नव्या वाचकासाठी आधी कुंपण घालून घेतो. अशा कथांत शिरायची दारे तीन. पहिले दार: नवरा-बायकोतला एकजण दुसऱ्यावर आरोप करतो. दुसरे: आरोप बाहेरून येतो आणि जोडीदाराला ठरवावे लागते की पाठीशी उभे राहायचे की नाही. तिसरे: दोघांतला एक मेलेला आहे आणि जगाचे बोट उरलेल्याकडे आहे. नुसत्या व्यभिचाराच्या, नुसत्या घटस्फोटाच्या कथा मी बाहेर ठेवल्या आहेत. 'डॉक्टर फॉस्टर' कितीही गाजली असली आणि 'आउट ऑफ लव्ह' होऊन आपल्याकडे आली असली, तरी तिच्यासाठी या पुस्तकात ओसरीवरच जागा आहे.

आता थोडे मागे जाऊ, कारण दूरचित्रवाणीने हा विषय शोधून काढलेला नाही. तो तिला वारशात मिळाला.

१५५१ मध्ये केंट परगण्यातल्या फॅव्हरशॅम गावी थॉमस आर्डन नावाच्या मातब्बर गृहस्थाचा त्याच्याच घरात खून झाला. पत्नी ॲलिस आणि तिचा प्रियकर त्यात सामील होते. ॲलिसला कँटरबरीत जिवंत जाळण्यात आले. पुढे १५९२ मध्ये याच घटनेवरचे, लेखकाचे नाव नसलेले नाटक छापून निघाले. इंग्लंडातल्या घरगुती शोकनाट्याची सुरुवात बहुतेक अभ्यासक तिथून मानतात. जाळण्याचे कारण कायद्यात होते. नवऱ्याने बायकोला मारले तर तो खून. बायकोने नवऱ्याला मारले तर तो राजद्रोहाचाच धाकटा भाऊ. घराचा राजा नवरा, म्हणून त्याचा वध हा द्रोह! जाळण्याची शिक्षा १७९० मध्ये रद्द झाली आणि हा 'छोटा द्रोह' वेगळा गुन्हा म्हणून कायद्यातून जायला १८२८ उजाडले.

त्याच कायद्याचा दुसरा सिद्धांत असा की लग्नानंतर नवरा-बायको ही एकच व्यक्ती, आणि ती व्यक्ती म्हणजे नवरा. आपल्या 'अर्धांगिनी' या शब्दात निदान अर्धा वाटा तरी दिलेला आहे. इंग्रजी कायद्याने तोही ठेवला नव्हता. व्यक्ती एकच, तर ती स्वतःविरुद्ध साक्ष कशी देणार? स्वतःवर बलात्कार कसा करणार? सर मॅथ्यू हेल या न्यायाधीशांनी लिहून ठेवले की लग्नाच्या वेळी दिलेली संमती बायकोला परत घेता येत नाही, म्हणून पत्नीवरचा बलात्कार हा गुन्हा होऊ शकत नाही. हेल १६७६ मध्ये वारले. ग्रंथ छापला गेला १७३६ मध्ये. मेलेल्या माणसाचे हे एक वाक्य पुढे अडीचशे वर्षे इंग्लंडच्या शयनगृहांवर राज्य करत राहिले.

साक्षीचे कुलूप किती जड होते हे पाहायचे तर १८८९ च्या ऑगस्टमध्ये लिव्हरपूलच्या कोर्टात जावे लागते. कापसाचा व्यापारी जेम्स मेब्रिक मरण पावला होता. पत्नी फ्लॉरेन्सवर आर्सेनिक दिल्याचा आरोप होता. तिने माश्या मारायचे विषारी कागद पाण्यात भिजवले होते हे खरे, पण मेब्रिकला स्वतःलाच आर्सेनिक घ्यायची सवय होती हेही खरे. फ्लॉरेन्सला शपथेवर साक्ष देता आली नाही, कारण आरोपीने शपथेवर बोलण्याची मुभा तेव्हाचा कायदा देत नव्हता; ती १८९८ मध्ये आली. तिने केवळ एक निवेदन केले. न्यायाधीशांनी ज्यूरीपुढे समारोप करताना तिच्या विवाहबाह्य संबंधावर इतका भर दिला की खटला विषाचा आहे की चारित्र्याचा, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. फाशी सुनावली गेली, मग ती जन्मठेपेवर आली, आणि १९०४ मध्ये फ्लॉरेन्स सुटली.

त्या न्यायाधीशांचे नाव जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. मराठी वाचकाने इथे क्षणभर थांबावे. आपल्याकडचा १८७२ चा पुरावा कायदा याच गृहस्थांनी लिहिला. कोण साक्ष देऊ शकतो, नवरा-बायकोतले बोलणे कोर्टात उघड करता येते का, हे मुंबई-पुण्याच्या कोर्टांत ३० जून २०२४ पर्यंत त्यांच्या कायद्याने ठरत होते. लिव्हरपूलमधला तो खटला आपल्याला वाटतो तितका परका नाही.

कादंबरीकारांना या कुलपाचा मोह पडला नसता तरच नवल. विल्की कॉलिन्सने १८७५ मध्ये 'द लॉ अँड द लेडी' लिहिली. नायिकेला लग्नानंतर कळते की नवऱ्यावर पहिल्या पत्नीच्या विषप्रयोगाचा खटला झाला होता आणि स्कॉटलंडच्या कोर्टाने 'दोषी'ही नाही आणि 'निर्दोष'ही नाही, 'सिद्ध झाले नाही' असा निकाल दिला होता. या अधांतरी निकालासह संसार करायचा नवऱ्याचाच धीर होत नाही. ती स्वतः शोध घेऊ लागते. १९२२ चा एडिथ थॉम्पसनचा खटला तर आजही इंग्रजी मनाला टोचतो. नवऱ्याला भोसकले तिच्या प्रियकराने. तिने सुरीला हात लावला नव्हता. पण तिची प्रेमपत्रे कोर्टात वाचली गेली आणि १९२३ च्या जानेवारीत दोघांनाही एकाच दिवशी फाशी झाली. १९२५ मध्ये अगाथा ख्रिस्तीची छोटी कथा आली, जिचे १९५३ मध्ये 'विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन' हे नाटक झाले. त्यातली मेख साक्षीच्या कायद्यातच आहे: नवऱ्याविरुद्ध बायको उभी राहते, आणि ती उभी राहू शकते ते लग्नच बेकायदा असल्याचे दाखवून. १९३८ चे पॅट्रिक हॅमिल्टनचे 'गॅस लाइट' हे नाटक वेगळ्या वाटेने गेले. तिथे नवरा बायकोच्याच मनातला साक्षीदार फोडतो. तुला आठवत नाही, तू पाहिलेस ते खरे नाही, तुझे डोके ठिकाणावर नाही. आज पुण्या-मुंबईच्या तरुण मुली सर्रास 'गॅसलाइट करतोय' म्हणतात, ते याच नाटकाचे देणे.

दूरचित्रवाणी आली तेव्हा ही सारी सामग्री तयार होती. तिला आणखी एक अनपेक्षित वर मिळाला. इंग्लंडात कोर्टात छायाचित्रे घ्यायला १९२५ च्या कायद्याने बंदी आहे, आणि तिच्यामुळे दूरचित्रवाणीचा कॅमेराही बाहेरच राहिला. गंभीर गुन्ह्यांच्या कोर्टातले न्यायाधीशांचे शिक्षा सुनावतानाचे शब्द चित्रित करायची मुभा मिळाली तीही २०२२ मध्ये. ज्यूरीच्या खोलीत काय बोलणे झाले हे सांगणे तर गुन्हाच आहे. म्हणजे ज्या देशात बारा सामान्य माणसे खुनाचा निवाडा करतात, त्या देशाच्या नागरिकाला तो निवाडा होताना घरबसल्या पाहता येत नाही. ही रिकामी जागा नाटकाने भरली. ग्रॅनडा कंपनीच्या 'क्राउन कोर्ट'मध्ये (१९७२ ते १९८४) वकील आणि आरोपी नट असत, पण ज्यूरीत बसत ते मतदारयादीतले सामान्य लोक. निकाल ते देतील तो. ब्रिटिश प्रेक्षक कोर्टाची भाषा शिकला ती अशी, दुपारच्या चहाबरोबर.

इथून पुढे या प्रकाराच्या चार शाळा दिसतात. शाळा हा शब्द मी संगीतातल्या घराण्यासारखा वापरतो आहे. गायक एका घराण्यात शिकून दुसऱ्याची तान घेतो, तसे लेखकही घेतात.

पहिली शाळा कोर्टाची. मोफॅट तिचे आजचे मोठे नाव. या शाळेला खरे-खोटे जितके महत्त्वाचे, तितकेच ते सांगायची पद्धतही. २०१७ मध्ये 'चॅनल फोर'ने 'द ट्रायल: अ मर्डर इन द फॅमिली' हा धाडसी प्रयोग केला. विभक्त झालेल्या पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला एक प्राध्यापक. खटला काल्पनिक, आरोपी नट, पण वकील खरे, न्यायाधीश निवृत्त पण खरे, आणि ज्यूरीतली बारा माणसे रस्त्यावरून यावीत तशी साधी. पाच रात्री खटला चालला आणि ज्यूरीचे एकमत झालेच नाही. कारणे ऐकण्यासारखी होती. पुराव्याबद्दल बोलता बोलता प्रत्येकजण स्वतःच्या घराबद्दल बोलू लागला होता. एवढे झाल्यावर शेवटी प्रेक्षकाला त्या दिवशी नेमके काय घडले ते दाखवले गेले, आणि घरोघरीच्या ज्यूरींचे चेहरे उतरले असणार.

दुसरी शाळा पोलिसांची. इथे जोडीदार म्हणजे 'त्या रात्री तो घरीच होता' असे सांगणारा माणूस. १९९१ च्या एप्रिलमध्ये आलेल्या लिंडा ला प्लांट यांच्या 'प्राइम सस्पेक्ट'मध्ये हेलन मिरेनची जेन टेनिसन संशयितापेक्षा त्याच्या सोबतिणीशी अधिक झुंजते, कारण किल्ली तिच्या हातात आहे. या शाळेचा कळस 'ब्रॉडचर्च' (२०१३). डॉर्सेटच्या किनाऱ्यावरच्या गावात एका मुलाचा खून होतो. तपास करणारी एली मिलर दुसऱ्या एका बाईला विचारते की तुझ्याच घरात हे चालले होते आणि तुला कळले कसे नाही? मग मारेकरी तिचाच नवरा निघतो आणि तोच प्रश्न तिच्याकडे परत येतो. ऑलिव्हिया कोलमनने तो क्षण ज्या तऱ्हेने पेलला आहे त्यावर एक वेगळा लेख लिहावा लागला. दुसऱ्या हंगामात या प्रश्नाची किंमत चुकती होते: एलीने चौकशीच्या खोलीत नवऱ्याला मारहाण केली म्हणून त्याचा कबुलीजबाब पुराव्यातून बाद होतो आणि तो सुटतो. बायको म्हणून तिने जे केले त्याने पोलीस म्हणून तिचे काम बुडाले.

तिसरी शाळा दिवाणखान्याची, म्हणजे 'गॅस लाइट'ची थेट वंशावळ. २०२१ ची 'अँजेला ब्लॅक' तिची ताजी लेक. इथे कोर्ट दूर असते, पोलीस दूर असतात. आपण बाईच्या डोक्यात बसून पाहतो आणि ते डोके विश्वासाचे आहे की नाही हेच कोडे असते. याच शाळेची एक शाखा दुसऱ्या दारातून येते. जॅक थॉर्न यांच्या 'नॅशनल ट्रेझर'मध्ये (२०१६) लोकांच्या गळ्यातला ताईत असलेल्या वृद्ध विनोदवीरावर जुन्या बलात्कारांचे आरोप होतात. दूरचित्रवाणीवरचा सूत्रसंचालक जिमी सॅव्हिल याची लैंगिक अत्याचाराची कृत्ये त्याच्या मृत्यूनंतर उघडकीस आली होती आणि ब्रिटन त्या धक्क्यातून सावरत होते, तो हा काळ. रॉबी कोल्ट्रेनचा विनोदवीर पाहावाच, पण डोळे ठेवावेत ज्यूली वॉल्टर्सच्या मारीवर. नवऱ्याची प्रकरणे तिला ठाऊक होती. तो ती तिला सांगत आला होता. त्या सांगण्यावरच तिने विश्वासाची इमारत उभी केलेली. आता तिला नवऱ्याची तपासणी करायची नाही, स्वतःच्या चाळीस वर्षांच्या समजुतीची करायची आहे. कोर्ट त्याला निर्दोष सोडते. मारीच्या मनातला खटला त्या निकालाने मिटत नाही. २०२२ च्या 'अ‍ॅनाटमी ऑफ अ स्कँडल'मध्येही आरोप होतो तो मंत्र्यावर आणि प्रेक्षक वाचत राहतो त्याच्या बायकोचा चेहरा.

चौथी शाळा रोजच्या मालिकांची, आणि समीक्षक तिच्याकडे नाक मुरडतात म्हणूनच मी तिला मान दिला आहे. लिव्हरपूलमध्ये घडणाऱ्या 'ब्रुकसाइड'मध्ये १९९३ साली मायलेकींनी छळणाऱ्या बापाला मारून अंगणातल्या फरशीखाली पुरले आणि देश दीड वर्ष ती फरशी उखडण्याची वाट पाहत राहिला. 'ईस्टएंडर्स'मधल्या लिटल मोने नवऱ्याच्या डोक्यात इस्त्री घातली. दोन्ही नवऱ्यांचे नाव ट्रेव्हर, हा योगायोग. सगळ्यात खोल ठसा उमटवला तो मात्र चित्र नसलेल्या माध्यमाने. 'द आर्चर्स' ही १९५१ पासून चालत आलेली रेडिओमालिका, शेतीवाडीच्या गप्पांची. तिच्यात हेलन नावाच्या बाईला नवरा दोन-अडीच वर्षे हळूहळू पोखरत गेला: कपडे कोणते, मैत्रिणी कोणत्या, गाडी चालवायची की नाही. एकाही भागात 'हा गुन्हा आहे' असे कोणी म्हणत नव्हते. श्रोत्यांच्या अंगावर मात्र काटा येत होता. २०१६ च्या एप्रिलमध्ये हेलनने त्याच्यावर सुरी चालवली. सप्टेंबरमध्ये ज्यूरीने तिला निर्दोष ठरवले. दरम्यान श्रोत्यांनी छळग्रस्त स्त्रियांसाठी काम करणाऱ्या 'रेफ्यूज' या संस्थेला एक लाख पौंडांहून अधिक निधी गोळा करून दिला. अशी गोष्ट पाच रात्रींत सांगता आली नसती. छळ जसा थेंबाथेंबाने होतो तसा तो थेंबाथेंबाने ऐकवायला रोजची मालिकाच लागते.

कायदा आणि कथा यांनी एकमेकांचा हात कसा धरला तेही पाहावे. 'प्राइम सस्पेक्ट' दाखवली गेली त्याच १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने, हाउस ऑफ लॉर्ड्सने, हेलचे वाक्य मोडीत काढले: पत्नीही नाही म्हणू शकते. १९९२ मध्ये किरणजीत अहलुवालियाची खुनाची शिक्षा रद्द झाली. दहा वर्षांच्या छळानंतर या पंजाबी स्त्रीने झोपलेल्या नवऱ्याला पेटवले होते आणि 'साउथॉल ब्लॅक सिस्टर्स' ही संघटना तिच्या पाठीशी उभी राहिली होती. झोपलेल्या माणसावरचा हल्ला 'तत्काळ प्रक्षोभ' कसा, हा प्रश्न त्या खटल्याने इंग्रजी न्यायव्यवस्थेपुढे ठेवला. आणि २०१५ च्या डिसेंबरअखेर नवा गुन्हा अमलात आला: जोडीदाराला सतत धाकात, पाळतीखाली, पैशाच्या आणि माणसांच्या तुटवड्यात ठेवणे. एकही ओरखडा नसला तरी गुन्हा. सोसणारा पुरुष असला तरीही गुन्हा. हेलनची सुरी त्यानंतर तीन महिन्यांनी चालली. ज्युलिएटपाशी २००९ मध्ये जो शब्द नव्हता तो सहा वर्षांनी कायद्याच्या पुस्तकात आला. तो मालिकांनी आणला असा दावा मी करणार नाही. पण देशाला तो ऐकायची सवय त्यांनी लावली हे निश्चित.

या प्रकाराचे दोषही सांगायला हवेत, नाहीतर प्रस्तावना आणि जाहिरात यांत फरक तो काय? पहिला दोष कलाटणीचा. शेवटच्या दहा मिनिटांत प्रेक्षकाला चकवायचे म्हणून खरे बोलणारी बाई खोटी ठरवली जाते किंवा उलट. चकव्यापायी माणसे प्यादी होतात. दुसरा दोष स्वयंपाकघराचा. छळ होणारी घरे बहुतेक वेळा चकचकीत, काचेच्या भिंतींची, बागेकडे उघडणारी असतात. सरकारी गाळ्यांत राहणाऱ्या, पगार आठवड्याला मिळणाऱ्या बायकांच्या वाट्याला ही शोकांतिका क्वचितच येते, आणि अहलुवालियासारख्या स्थलांतरितांच्या वाट्याला त्याहून क्वचित. तिसरा दोष असा की आरोप खरा असण्याचीच प्रेक्षकाला सवय लागते. ज्याच्यावर नाहक आरोप झाला त्याचे काय? २०१८ ची 'इनोसंट' हा प्रश्न विचारते. पत्नीच्या खुनासाठी सात वर्षे तुरुंगात काढून अपिलात सुटलेला माणूस परत येतो आणि त्याची मुलेसुद्धा त्याच्याकडे संशयाने पाहतात. अशा कथा कमी आहेत, आणि म्हणून मौल्यवान आहेत.

मग मराठी वाचकाने हे सारे का वाचावे? साहेबाच्या देशातली भांडणे आपण का चव्हाट्यावर आणावीत?

कारण त्या भांडणांचा कायदा आपल्या घरातून गेला आहे. दादाजी भिकाजीने पत्नी रखमाबाईंना नांदायला आणण्यासाठी मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला तो इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून आलेल्या कल्पनेच्या आधारावर. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये तो फेटाळताना ही कल्पना इथली नव्हेच असे म्हटले. अपिलात ते टिकले नाही, आणि १८८७ मध्ये नांदायला जा किंवा सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम निघाला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. इंग्लंडने नांदवून घेण्याचा तो दावा १९७० मध्ये मोडीत काढला; आपल्या हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात तो अजून आहे.

आणि कारण ज्युलिएट मुंबईत येऊन गेली आहे. २०२० च्या डिसेंबरमध्ये 'क्रिमिनल जस्टिस: बिहाइंड क्लोज्ड डोअर्स' हिंदीत आली. कीर्ती कुल्हारीची अनू चंद्रा, तिचा नामांकित वकील नवरा, तीच सुरी, तेच गप्प बसणे. सोबत पंकज त्रिपाठींचे वकील माधव मिश्रा. दोन्ही मालिका शेजारी ठेवून पाहिल्या की गोष्ट तीच असून देश किती वेगळा आहे ते कळते. ज्युलिएटला तोंड उघडायचे आहे ते अशा कोर्टात, जिथे नवऱ्याने केले तो गुन्हा आहे हे अठरा वर्षांपूर्वीच ठरलेले आहे. अनूच्या कोर्टात पत्नीवरच्या बलात्काराला गुन्ह्यातून वगळणारा अपवाद तसाच आहे. तिला जे सांगायचे ते आधी गुन्हा म्हणून मोजलेच जात नाही.

दुसरा फरक ज्यूरीचा. अनूचा निवाडा एकटा न्यायाधीश करतो. १९५९ च्या नानावटी खटल्यात पत्नीच्या प्रियकराच्या खुनाचा आरोप असलेल्या नौदल कमांडरला मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवले, उच्च न्यायालयाने ते उलटवले आणि आपल्याकडची ज्यूरीपद्धत त्यानंतर फार काळ टिकली नाही. तिचा एक अवशेष आजही आहे, आणि तो नेमका लग्नाच्या भांडणांतच: पारशी विवाह कायद्याखालच्या न्यायालयात समाजातले प्रतिनिधी अजून न्यायाधीशांबरोबर बसतात. ब्रिटिश मालिका प्रेक्षकाला तेरावा ज्यूरर करते. आपल्या मालिका त्याला कोर्टातल्या मागच्या बाकावर बसवतात. तरीही निवाडा करायची हौस आपल्याला कमी नाही. चाळीच्या गॅलरीपासून कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटापर्यंत आपल्या ज्यूरी रोज भरतात. तिथे फक्त उलटतपासणी नसते.

या पुस्तकाचा खटाटोप एवढाच आहे. मालिकांची यादी देणे किंवा गुण वाटणे हा त्याचा हेतू नाही. प्रत्येक कथेला मी तीन प्रश्न विचारले आहेत. या घरात बोलायचा अधिकार कोणाला होता? बोललेले पुरावा म्हणून कोणी मानले? आणि पाहणाऱ्याने आपला कौल नेमका कशाच्या बळावर दिला? पटकथा, अभिनय, कॅमेरा यांविषयी लिहिले आहे ते या प्रश्नांच्या ओघात. कायद्याचे तपशील लागतील तेवढेच दिले आहेत. मी वकील नाही, पण या कथा वाचताना कायदा टाळणे म्हणजे सोंगट्या पाहून पट न पाहणे.

वाचकांना एक सूचना आणि एक विनंती. सूचना अशी की लेखांमध्ये शेवट लपवलेले नाहीत. तेव्हा जी मालिका पाहायची असेल ती आधी पाहावी. विनंती अशी की पाहताना प्रत्येक भाग संपला की पुढचा लावण्याआधी एका कागदावर दोन ओळी लिहाव्यात: आत्ता माझा विश्वास कोणावर आहे, आणि का. शेवटचा भाग झाल्यावर तो कागद काढून वाचावा. त्यातला 'का' आरोपीपेक्षा लिहिणाऱ्याविषयीच जास्त सांगतो, असा माझा अनुभव आहे. मग पुस्तक उघडावे.